खालच्या खोलीत पलंग नको

आमच्या दादाला लहानपणापासून एक खोड आहे. त्याला कुणी उलट प्रश्न विचारलेला खपत नाही. तुम्ही त्याला उपदेश करा, दोन शिव्या घाला, तो मुकाट ऐकून घेईल. पण "का रे, असं का?" एवढं विचारलंत की संपलं, कपाळाला आठ्या आणि आवाज चढा. त्यामुळे त्याचं आणि त्या मोबाईलमधल्या चॅटबॉटचं जमलं, याचं मला काडीचंही नवल वाटलं नाही. त्या बाबाचा स्वभावच गोड. काहीही विचारा, आधी म्हणणार "उत्तम प्रश्न!" मग मुद्देसूद उत्तर, आणि शेवटी "आणखी काही मदत हवी आहे का?" असं म्हणून पुन्हा हजर. दादाने त्याचं नाव पंडित ठेवलं. मी त्याला पोपट म्हणायचे.

"काय म्हणतो तुझा पोपट आज?"

"ठिणगे, तुझ्या त्या डिग्रीवाल्यांपेक्षा त्याला जास्त कळतं. आणि फुकट."

ठिणगी म्हणजे मी. घरात मला याच नावाने हाक मारतात आणि ते उगाच पडलेलं नाही. मी औषधांच्या दुकानात काउंटरला उभी असते, आणि तिथे माझं अर्धं काम उलट विचारण्याचंच आहे. माणूस येतो, अंगदुखीची गोळी मागतो. मी विचारते, दुसरं काही चालू आहे का? नाही म्हणतो. पुन्हा विचारलं की हळूच निघतं, रक्त पातळ व्हायची गोळी रोज घेतोय. आता तो काही मुद्दाम लपवत नव्हता. त्याला वाटलं, याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे की नाही हे ज्याला कळतं त्याने विचारायचं असतं, आणि ते विचारण्याचाच मला पगार मिळतो.

दादाचं काम कवळ्यांचं. दंतवैद्य तोंडाचं माप घेतात, तो साचा दादाकडे येतो, आणि दादा मेण, प्लास्टर, भट्टी असं सगळं करून त्यातून दात उभे करतो. हात असा की बघत राहावं. आईच्या तोंडातले दात त्यानेच केलेत. त्यांतला पुढचा एक दात त्याने मुद्दाम जरासा तिरका बसवला, कारण तिचा खरा दात तसा होता. कवळी लावून आईने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "मेल्या, व्यंगसुद्धा सोडलं नाहीस!" आणि दिवसभर हसत होती. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी त्याला कसाई म्हणायला नको. तो कसाई नाही. कसाई असता तर मला त्याच्याशी भांडून नातं तोडून टाकता आलं असतं.

घर बाबांच्या मागे दादाच्या नावावर झालं. खाली रस्त्याला लागून एक मोठी खोली, तिच्या मागे न्हाणीघर. वर स्वयंपाकघर, त्यातच मोरी, आणि दोन खोल्या. मध्ये उभा जिना, शिडीचा सख्खा भाऊ. खालच्या खोलीत दादाचं काम चालायचं. सगळीकडे पांढरी धूळ, फळीवर ओळीने जबडे, खिडकीशी दातांचा रंग जुळवायचं टेबल. आणि खिडकीलगतच्या कोपऱ्यात बाबांचा जुना पलंग. दुपारी आई जेवून खाली यायची, त्या पलंगावर आडवी व्हायची आणि रस्ता बघायची. जाणारायेणारा खिडकीत डोकावून म्हणायचा, "काय, जेवण झालं का?" आई म्हणायची, "कधीच! तुमचं?" तिचं सगळं जग त्या खिडकीत होतं. दादा कानस चालवत असायचा, आई त्याला गावभरच्या बातम्या द्यायची आणि तो न ऐकता हुंकार भरायचा.

आमचा कर भरायचं काम बाबांपासून वकीलकाका करायचे. तिरसट माणूस. त्यांच्या ऑफिसात खोकल्याच्या गोळ्यांचा वास आणि अशिलासाठी डगमगणारी खुर्ची. कपाट भरून आमच्या घराचे कागद. दादा एकदा त्यांच्याकडे गेला होता. घरातच कारखाना आहे तर विजेचं बिल, डागडुजी वगैरे धंद्याच्या खर्चात दाखवता येईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. वकीलकाकांनी उत्तर द्यायच्या आधी चष्म्यावरून बघत विचारलं, "घर विकायचा विचार आहे का कधी?"

झालं! दादा तिथून उठला तो थेट घरी. "मी विजेच्या बिलाचं विचारतोय आणि हा म्हातारा माझं घर विकायला निघालाय! वर त्याला फी द्यायची!"

"अरे, पण त्यांनी का विचारलं ते ऐकायचंस तरी," मी म्हटलं.

"चांभारचौकशा, दुसरं काय."

मग त्याने पंडितला विचारलं. पंडित म्हणाला, उत्तम प्रश्न! घराचा जो भाग केवळ धंद्यासाठी वापरला जातो, त्याचा वाटा खर्चात धरता येतो. वीज, दुरुस्ती, अगदी भिंतींची वर्षागणिक होणारी झीजसुद्धा. फक्त तो भाग पूर्णपणे धंद्याचाच हवा. तिथे घरगुती वापर नको. झोपायची व्यवस्था तर मुळीच नको. हे सगळं खरं होतं बरं का. पोपट खोटं बोलला असं मी आजही म्हणत नाही.

दादाने त्याच आठवड्यात बाबांचा पलंग उचलला आणि वर नेऊन टाकला. खोलीचे फोटो काढले. फळीवरचे जबडे, भट्टी, टेबल, आणि मोकळा कोपरा. आई जिन्याच्या कठड्याला धरून बघत होती.

"मी दुपारी कुठे पडायचं मग?"

"वर पड ना आई. आहे की तोच पलंग. कागदोपत्री त्या खोलीत पलंग दिसता कामा नये."

"कागदाला झोप येते की मला?"

दादा हसला. मीही हसले. त्या वर्षी कर बराच वाचला आणि दादाने नवी भट्टी घेतली. आई दुपारची खाली यायची, स्टुलावर थोडा वेळ बसायची, पाठ दुखली की वर जायची. हळूहळू येईनाशी झाली.

पुढल्या वर्षी ती मोरीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. व्यायाम शिकवायला येणारी बाई स्पष्ट म्हणाली, "यांना सपाटीवर चालवा. रोज, रस्त्याच्या टोकापर्यंत नि परत. जिना बंद. नाहीतर पाय जातील." मी दादाला म्हटलं, सोपं आहे, आईला खाली आण. न्हाणीघर खालीच आहे, दार उघडलं की रस्ता. तुझा पसारा वर ने.

"भट्टी वर कशी नेणार? जिना बघितलास?"

"मग पसारा अर्ध्या खोलीत आवर. अर्ध्यात पलंग टाक. पूर्वी नव्हता का?"

"ठिणगे, तुला कळत नाही. आता तो भाग धंद्याचा म्हणून लिहून दिलाय. पलंग टाकला तर मागचं सगळं अंगावर येईल. मी पंडितला विचारलंय."

"आईच्या पायांचं विचारलंस का त्याला?"

तो कानस घेऊन कामाला बसला. आई वरच राहिली. पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून पलंगापर्यंत, एवढाच तिचा रस्ता. तिच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसायची, तीही बिनगिलाव्याची. काही हवं असलं की ती काठीने जमिनीवर ठोकायची. खाली दादाच्या डोक्यावर ठकठक झाली की तो हातातलं काम टाकून धावायचा. हेही खरं आहे. रात्रंदिवस, एकदाही कुरकुरला नाही. रोज तिचे पाय चोळून द्यायचा. पण पाय गेले ते गेलेच. वर्ष सरता सरता तिला धरून उभं करावं लागायला लागलं. वहिनी दिवसाकाठी किती वेळा तो जिना चढायची ते तिचे गुडघेच जाणोत.

शेवटी दादाच एके दिवशी म्हणाला, "बास झालं. हे घर विकतो. तळमजल्यावरचा फ्लॅट घेऊ. आईला रस्ता दिसला पाहिजे." मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. गिऱ्हाईक लगेच मिळालं. दर उत्तम आला. मी म्हटलं, आता तरी वकीलकाकांना विचार.

"विचारलं."

"त्यांना?"

"पंडितला. हे बघ." मोबाईल माझ्या नाकाशी. दादाने विचारलं होतं, मी माझं राहतं घर विकून दुसरं घेतोय, नफ्यावर कर लागेल का? वर उत्तर होतं, "उत्तम प्रश्न! नव्या सुरुवातीसाठी आगाऊ अभिनंदन!" राहतं घर विकून त्या पैशांत दुसरं घेतलं तर नफ्यावर कर नाही. खाली हिशेब, गोळाबेरीज, सगळं चकाचक. अगदी तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं की जाणकाराचा सल्ला घ्यावा. माझ्या दुकानातल्या बाटल्यांवरही बारीक अक्षरं असतात. ती कोण वाचतं ते मला विचारा.

"खालच्या खोलीचं सांगितलंस का याला?" मी विचारलं.

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेडी. "त्याला काय सांगायचं? त्यानेच तर सांगितलं होतं मला!"

इथेच सगळं फसलं आणि मला ते तेव्हा दिसलं नाही. दादाला खरोखर वाटत होतं की पंडित आम्हाला ओळखतो. वकीलकाकांच्या कपाटासारखं त्याच्या पोटात कुठेतरी आमचं घर, बाबांचा पलंग, खालची खोली, सगळं जपून ठेवलेलं आहे. इतक्या आपुलकीने बोलणारा माणूस आपल्याला विसरेल कसा? पण त्याच्या लेखी दादा रोज नव्याने जन्माला येत होता. तेव्हा विचारलं कारखान्याचं, तेव्हा त्याने कारखान्याचं सांगितलं. आता विचारलं घराचं, तर घराचं सांगितलं. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्ही मिळून आमच्या गळ्याला फास. मी एकदा विचारलं, दादाने उत्तर दिलं, आणि काउंटरवर पुन्हा पुन्हा विचारणारी मी घरात गप्प बसले, कारण आईला खाली आणायची मलाही घाई झाली होती.

घर विकलं गेलं. फ्लॅटचा इसार दिला. बाकीचे पैसे द्यायला मुदत होती आणि नवा मालक तोवर आम्हाला राहू देत होता. एका रविवारी आम्ही आईला फ्लॅट दाखवायला नेलं. दादा आणि शेजारचा सुतार, दोघांनी तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. "हळू रे, अजून जायची घाई नाही मला!" असं ओरडत आली. फ्लॅट लहानसाच, पण पुढच्या खोलीला रुंद खिडकी, बाहेर पायवाट, आणि पायवाटेला एक बाक. दाराला उंबरा नव्हता. आईने खुर्चीतूनच खिडकीच्या दांडीला हात लावून पाहिला.

"पलंग इथे," ती म्हणाली. "डोकं इकडे. पाय तिकडे. म्हणजे येणारा आधी मला दिसेल."

तेवढ्यात बाहेरून एक बाई पिशव्या घेऊन चालली होती. आईने काच ठोकली. बाई दचकून थांबली. "काय, जेवण झालं का?" आईने विचारलं. बाई हसली, म्हणाली, अजून नाही हो आजी. आई आमच्याकडे वळली आणि काहीतरी मोठं जिंकल्यासारखी बघायला लागली. दादाने तोंड फिरवलं, डोळ्यांत धूळ गेली म्हणाला. रिकाम्या फ्लॅटमध्ये कसली आलीय धूळ!

कर खात्याचं पत्र त्यानंतर आलं. सरळ साधं. आपण घराचा निम्मा भाग धंद्याचा म्हणून दाखवत आला आहात, फोटोही जोडले आहेत. तेव्हा तो भाग राहतं घर होत नाही. निम्म्या नफ्यावर कर भरा, आणि उशिराचा दंडही. रक्कम वाचून वहिनी खालीच बसली. ती भरली तर फ्लॅटचे उरलेले पैसे देता येणार नव्हते. मुदत टळली की इसारही जाणार.

दादाने पंडितला शिव्यांची लाखोली वाहिली. टाइप करतच होता. पंडित म्हणाला, "तुमचा संताप मी समजू शकतो. आपण अगदी बरोबर आहात, ही माहिती महत्त्वाची होती. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे." मग त्याने नव्याने सगळं मुद्देसूद समजावलं. कर कसा लागतो, का लागतो, किती लागतो. कर खात्यापेक्षा सुबक.

"आता सांगतोय!" दादा ओरडला. "आधी का नाही विचारलंस?"

"उत्तम प्रश्न!" पंडित म्हणाला. खोटं वाटेल, पण मी स्वतः वाचलंय.

मग वकीलकाका आठवले. खोकल्याच्या गोळ्या त्याच, खुर्ची तीच, डगमगही तशीच. त्यांनी सगळे कागद वाचले, पंडितचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले.

दादा खाली बघत बसला. "काका, काहीतरी मार्ग काढा. आईसाठी चाललंय हे सगळं."

"दंड कमी करा म्हणून अर्ज करता येईल. हप्ते मागता येतील. कर चुकणार नाही. दात कोरून पोट भरत नाही, हे तुला मी सांगायचं? तुझा तर धंदाच दातांचा."

"आई खाली राहायची असं लिहिलं तर?" दादाने हळूच विचारलं. "म्हणजे खोली घराचीच होती, मी चुकून धंद्याची दाखवली. मागचा वाचलेला कर परत करतो. तो या रकमेपुढे थोडासाच आहे."

"राहायची का ती खाली?"

दादा कागद गोळा करायला लागला. वकीलकाका माझ्याकडे बघायला लागले. मी काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

"मग मी लिहिणार नाही. मी जे लिहितो त्याच्या खाली माझी सही असते, खोटं निघालं तर मला बेड्या पडतात. जा, तुझ्या त्या पंडिताची सही घेऊन ये."

दादा उठला. आणि खरंच पंडितकडे गेला. पंडितला त्याने सांगितलं, माझी आई खालच्या खोलीत राहायची, खात्याला पटेल असं पत्र लिही. पंडितने विचारलं नाही, खरंच का? त्याने लिहिलं. काय लिहिलं म्हणून सांगू! वृद्ध मातोश्रींचा पलंग खिडकीशी होता, त्या तिथे बसून नातवंडांना गोष्टी सांगत, सायंकाळी रस्त्यावरची वर्दळ पाहत. आमच्या घरात नातवंड औषधालासुद्धा नाही. दादाने ते वाक्य काढलं, बाकीचं ठेवलं आणि पत्र खात्याला धाडलं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. मला ते वाचून रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला, कारण त्या पत्रातल्या म्हाताऱ्या बाईचं किती छान चाललं होतं.

खात्याकडून निरोप आला, आईंना घेऊन या, दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

आदल्या दिवशी दादा आईच्या पायाशी बसला. "आई, एवढंच सांगायचं. मी खाली राहायचे. पलंग खिडकीशी होता. बास."

"मी वर राहते."

"माहीत आहे ग. पण असं सांगितलं तर फ्लॅट मिळेल. तुझी खिडकी."

"आणि नाही सांगितलं तर?"

दादा तिचे पाय चोळायला लागला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आई, तुला वाटेल ते सांग." खरं म्हणजे माझ्या मनात होतं, खोटं बोल ग बाई, एकदाच बोल, कुणाचं काय जातंय. पण ते तोंडातून निघालं नाही.

खात्याची कचेरी पहिल्या मजल्यावर. लिफ्टला 'बंद आहे' अशी पाटी. दादाने आणि तिथल्या शिपायाने आईला खुर्चीसकट उचललं. जिन्यात लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. आईने चांगली साडी नेसली होती, दात घासूनपुसून बसवले होते, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून बघत ती वर चालली होती. अधिकारी बाई दादापेक्षा लहान असेल. टेबलावर डबा उघडा, तो घाईने झाकला. आईला असं आणलेलं पाहून ती उभी राहिली. "अहो, आधी कळवायचं होतं, मी खाली आले असते," म्हणाली. मला तिचा राग करता येईना, त्याचाच राग आला.

"आजी, पाणी हवंय?"

"नको. मग मोरीसाठी उतरवून न्यावं लागेल."

बाई जराशी हसली. मग पत्र पुढे ओढून म्हणाली, "इथे लिहिलंय, तुम्ही खालच्या खोलीत राहायचात. पलंग खिडकीशी होता. बरोबर?"

दादाचा हात खुर्चीच्या पाठीवर होता.  आईने त्या पत्रावर हात ठेवला.

"पलंग होता," ती म्हणाली.

दादाने श्वास सोडला.

"खिडकीशीच होता. माझ्या नवऱ्याचा. दुपारी मी त्याच्यावर पडायचे. येणारेजाणारे बोलायचे माझ्याशी." आईचा आवाज स्वच्छ होता, एकेक शब्द खणखणीत. "मग याने तो उचलून वर नेला."

"आई," दादा म्हणाला.

"कधी नेला, आजी?"

"याच्या पंडिताने सांगितलं तेव्हा. कागदात पलंग नको म्हणाला. तेव्हापासून मी वरच आहे." तिने पहिल्यांदाच मान वळवून दादाकडे पाहिलं. "खाली राहिले असते तर आज या बाईंपुढे माझ्या पायांनी चालत आले असते ना रे? मला दिलं नाहीस ते दिलंस म्हणून मीच सांगू?"

तो पुढचा जरासा तिरका दात दिसत होता. दादानेच मायेने बसवलेला. कवळी इतकी नीट बसली होती की एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. दादा खुर्चीमागे उभा होता तो तसाच खाली बसला, जमिनीवर, शिपायासमोर, आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आईने हात मागे करून त्याचं डोकं चाचपलं. अधिकारी बाईने पत्र हळूच उलटं करून ठेवलं. खोट्या पत्राबद्दल तिने वेगळी कारवाई केली नाही, एवढे तिचे उपकार. कर मात्र भरावा लागला. दंडही.

फ्लॅट गेला, इसार गेला. उरलेल्या पैशांत जे मिळालं ते दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. वरचं स्वस्त असतं. दादाचा कारखाना आता दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या गाळ्यात आहे. तो गाळा सगळा धंद्याचाच आहे, त्यात कुणाला काही विचारायला नको. आई नि दादा बोलतात, नाही असं नाही. तो पाय चोळतो, ती चोळू देते. वकीलकाकांकडे मी त्याला ओढत नेते, तिथे तो सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो. कपाळाला आठी नाही. ती आठी मला बघायला मिळाली असती तर बरं वाटलं असतं.

आईची सवय मात्र जात नाही. काही हवं असलं की ती काठीने जमिनीवर ठोकते. खाली आता दादा नाही, परकं बिऱ्हाड आहे. त्यांचा माणूस दोनदा वर येऊन गेला. पहिल्यांदा नम्रपणे, दुसऱ्यांदा नम्रपणा खालीच ठेवून. आम्ही आईला छोटी घंटा आणून दिली. तिने ती उशाखाली सारली आणि काठीच ठोकत राहिली.

परवा मी गेले तेव्हा घरात सगळं चिडीचूप होतं. आई पलंगावर बसून काठी आपटत होती आणि काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. काठीच्या टोकाला जाड काळं रबर बसवलं होतं, नीट तासून, हात दादाचाच. तो जेवत होता. मी विचारलं, हे काय? त्याने न बोलता मोबाईल माझ्याकडे सरकवला. त्याने विचारलं होतं, काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज कमी कसा करावा? वर उत्तर होतं, "उत्तम प्रश्न!" खाली रबर कोणतं घ्यावं, केवढं घ्यावं, कसं चिकटवावं, सगळं बारकाईने लिहिलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. ती काठी कोण आपटतंय आणि कशासाठी, हे त्याने विचारलं नव्हतं.